नसलेल्या जागेचे परीक्षक

आमच्या कंपनीतल्या एका गृहस्थाला सगळे पाठीमागे गाळणीसाहेब म्हणायचे. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. कुणी नवीन माणूस आला की तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "मी या कंपनीची गाळणी आहे. माझ्यातून जे खाली येतं तेच तुमच्यापर्यंत पोचतं." गाळणीत शेवटी चोथाच उरतो, हे काही त्याच्या लक्षात आलं नसावं. तोंडावर मी त्याला नऊ वर्षं अहोजाहो केलं. तेवढं पुरे झालं. इथे मी त्याला 'तो'च म्हणणार आहे.

आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठल्या मांडणीवर किती खोकी आहेत, किती आत आली, किती बाहेर गेली, याची नोंद ठेवणारं. मी तिथे प्रोग्रामर. कागदोपत्री तोही प्रोग्रामरच, माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा. पण शेवटचा प्रोग्राम लिहिल्याला त्याला आठ वर्षं उलटली होती. खोक्यांची मोजणी करणारा प्रोग्राम होता तो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने एका गोदामात उणे चाळीस खोकी दाखवली. मी तेव्हा नवीन होते, त्यामुळे ते निस्तरायला मला बसवलं. याला कुणीतरी गोड बोलून सांगितलं, की तुमचा अनुभव दांडगा आहे, तुम्ही आता मुलाखती घ्या. त्याला ती बढती वाटली.

मुलाखतीला बसला की त्याचा थाट बघण्यासारखा असायचा. समोर निळी प्लास्टिकची फाइल. तिच्यात दहा कोडी आणि प्रत्येक पानामागे उत्तर. उमेदवाराला कोडं घालायचं, "विचार मोठ्याने करा" म्हणायचं, आणि तो बिचारा मोठ्याने विचार करायला लागला की आपण खिडकीबाहेर बघत बसायचं. उत्तर फाइलीतल्यासारखं आलं तर मान डोलवायची. वेगळं आलं तर नुसतं "हं." वेगळं उत्तर बरोबर आहे की चूक, हे त्याला कळायचंच नाही. हे मला त्याच्या शेजारी दोन वर्षं बसल्यावर उमगलं. शेरे मात्र न्यायाधीशाच्या रुबाबात. 'खोली नाही.' 'उत्साह कमी.' पुढच्याच पानावर 'उत्साह जास्त.' एकीबद्दल लिहिलं होतं, 'प्रश्न संपायच्या आत उत्तर देते.' त्याच दिवशी दुसऱ्याबद्दल, 'उत्तर द्यायला वेळ लावतो.'

इथपर्यंत तो नुसता हास्यास्पद होता. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतातच, आणि त्यांच्या नकला करून बाकीच्यांचा दिवस बरा जातो.

मग एके दिवशी विभागप्रमुखांनी मुलाखती घेणाऱ्या आम्हा सात जणांना काचेच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं आणि सांगितलं, "नवी भरती बंद. एकही माणूस घ्यायचा नाही. पण जाहिराती चालू राहतील."

कुणीतरी विचारलं, "मग जे येतील त्यांना सांगायचं काय?"

"काही सांगायचं नाही. मुलाखती घ्या, नेहमीसारख्या. एक मोठी कंपनी आपल्याला विकत घ्यायचा विचार करतेय. त्यांना दिसलं पाहिजे की आपण वाढतोय. आणि आपल्या लोकांनाही दिसू दे, की बाहेर रांग लागलेली आहे. हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

आम्ही सातही जण टेबलाकडे बघत बसलो. मीही. उठून काही बोलले असते तर आज हे लिहिताना जरा ताठ बसता आलं असतं. पहिला बोलला तो गाळणीसाहेब. त्याने हात वर करून विचारलं, "पण फेऱ्या पाचच ठेवायच्या ना?"

भरती बंद म्हटल्यावर त्याने निळी फाइल छातीशी धरली होती. मुलाखती चालूच राहणार हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. माणसं घ्यायची की नाही, याच्याशी त्याला कधी कर्तव्यच नव्हतं.

आणि मग ते सुरू झालं. रोज तीन-चार माणसं यायची. रजा टाकून, घरी कारणं सांगून, आहे त्या नोकरीतून दोन तास चोरून. एक जण सहा तासांचा प्रवास करून आला होता. शर्टाची घडी मोडू नये म्हणून त्याने तो पिशवीतून आणला आणि आमच्या स्वच्छतागृहात बदलला. माझ्या फेरीत त्याने सगळं बरोबर सोडवलं. मी लिहिलं, 'उमेदवार चांगला, पण सध्याच्या गरजेशी जुळत नाही.' सध्याची गरज शून्य होती, म्हणजे वाक्य काही खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. गाळणीसाहेबाला असली समजूत घालायची गरजही पडत नव्हती. तो माणसं नापास करून जेवायला यायचा आणि म्हणायचा, "हल्ली दर्जाच राहिला नाही हो."

वर्षभर असं चाललं. मग त्याच्या बहिणीने अर्ज केला.

त्याची ही धाकटी बहीण. तिच्याबद्दल मला तेव्हा इतकंच माहीत होतं, की तिचा फोन आला की तो "बोल गं, पटकन बोल" म्हणायचा. बाकीचं नंतर तिच्याकडूनच कळलं. तिने सात वर्षं एका रुग्णालयाच्या संगणक विभागात प्रोग्रामर म्हणून काम केलं होतं. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि मोठ्या भावाला तर सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मुलाखती. तिने नोकरी सोडली. चार वर्षं त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं, त्यांची अर्धवट वाक्यं पुरी केली. दादा पंधरा दिवसांनी यायचा, तासभर खुर्चीत बसायचा आणि घड्याळाकडे बघून उठायचा. वडील गेले. सहा महिन्यांनी ती पुन्हा नोकरी शोधायला लागली, तेव्हा चार वर्षांचं रिकामं पान बघून कुणी तिला उभं करेना.

आणि दादा तर घरी चार माणसं जमली की सांगत सुटायचा, "वीस जागा आहेत आमच्याकडे. माणसं मिळत नाहीत!"

तिने विचारलं, "दादा, मी अर्ज टाकू?"

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. बाई गं, त्या वीस जागा खोट्या आहेत. तू दुसरीकडे बघ. पण मग घरातली बढाई खोटी ठरली असती. तो म्हणाला, "टाक की! पण आधीच सांगतो, ओळखीचा उपयोग होणार नाही हं. आमच्याकडे सगळं गुणवत्तेवर चालतं."

हे त्यानेच मला हसत हसत सांगितलं. मी विचारलं, "तुम्ही तिला खरं का सांगत नाही?"

"खरं म्हणजे?"

"जागा नाही म्हणून."

"ते गोपनीय आहे."

"अहो, सख्खी बहीण आहे तुमची."

"म्हणून तर! उद्या कुणी म्हणेल, घरच्यांना आतली माहिती पुरवली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि पहिल्याच फेरीत गळेल हो ती. चार वर्षं घरी बसलेली आहे."

आठ वर्षं प्रोग्रामकडे न फिरकलेला माणूस हे बोलत होता.

ती गळली नाही. पहिली फेरी फोनवर झाली. घेणाऱ्याने मला येऊन विचारलं, "ही बाई कोण आहे? मलाच चार गोष्टी शिकवून गेली." दुसऱ्या फेरीतही तेच. नातेवाइकाची मुलाखत नातेवाइकाने घ्यायची नाही असा आमचा नियम होता, त्यामुळे निळी फाइल तिच्या वाटेला आली नाही. तिसरी फेरी माझ्याकडे लागली. आदल्या दिवशी गाळणीसाहेब माझ्या टेबलाशी येऊन घुटमळला.

"उद्या जरा कडक घ्या."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे तिचं तिलाच कळू दे, की आपल्याला जमणारं नाही. मग माझ्यावर काही येणार नाही."

मी पुढ्यातल्या कामाकडे वळले. त्याला तो होकार वाटला, आणि जाताना त्याने माझ्या टेबलावरची एक लिमलेटची गोळी उचलून तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी ती आली. पस्तिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक जाडजूड वही, तिची पानं वापरून वापरून फुगलेली. आम्ही बसलो ती खोली इतकी लहान होती, की दार उघडायचं तर एकीला खुर्ची सरकवावी लागायची. तिसऱ्या फेरीत आम्ही उमेदवाराला एक जुना प्रोग्राम द्यायचो आणि चुका शोधायला सांगायचो. तो प्रोग्राम कुणाचा, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तोच तो, उणे चाळीस खोक्यांचा.

तिने तो शांतपणे वाचला. बोटाने ओळी मोजत, ओठ किंचित हलवत. उणे आकडा कुठून येतो ते तिने पाच मिनिटांत दाखवलं. चांगले उमेदवार तेवढं दाखवायचे, आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. ती थांबली नाही.

"अजून एक आहे," ती फळ्यावर आकडे लिहीत म्हणाली. "समजा, एकाच मांडणीवरची दोन खोकी बाहेर चाललीयत आणि दोन माणसांनी ती अगदी एकाच क्षणी नोंदवली. दोघांनाही आधीचा आकडा दहाच दिसणार. दोघंही दहातून एक वजा करून नऊ लिहिणार. प्रत्यक्षात उरली आठ, आणि पडद्यावर नऊ. म्हणजे एक खोकं हरवलं असं वाटत राहणार."

मी ते दोनदा वाचलं. तिचं बरोबर होतं. आणि ती ओळ मी कधी बदललीच नव्हती. आजही ती सगळीकडे चालू होती. एका गोदामातून तीन वर्षं तक्रार येत होती, की रोज दोन-चार खोकी कमी भरतात. तिथल्या हमालांची घरी जाताना झडती घेतली जायची. आम्ही लेखी कळवलं होतं, की सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. त्या कागदावर माझीही सही होती.

"कुणी लिहिलाय हा?" तिने विचारलं.

"आहेत एक जण."

"चूक प्रत्येकाची होते. पण यात विचारच केलेला नाही."

मी पाणी प्यायले. तिला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" हे आम्ही प्रत्येकालाच विचारतो. उत्तरं पाठ असतात.

तिने वही मिटली. "मी रुजू झाले तर पहिल्या महिन्यात माझ्याकडे काय काम असेल? म्हणजे तेवढं आधीच वाचून येईन."

यालाही माझ्याकडे पाठ उत्तर होतं. ते तोंडात आलंच नाही.

"काही नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"काम नाही, कारण जागाच नाही. सव्वा वर्ष झालं भरती बंद होऊन. आम्ही नुसत्या मुलाखती घेतो."

ती रडली नाही की ओरडली नाही. तिने फळ्यावरच्या पेनाला टोपण लावलं आणि ते जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "दादाला माहीत आहे?"

"आम्हाला सांगितलं तेव्हा ते माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते."

"आत्ता कुठे असेल?"

जेवणाची वेळ होती. बाहेरच्या माणसाला एकटं फिरू द्यायचं नाही असाही आमचा नियम होता, म्हणून मीच तिला खालच्या जेवणघरात घेऊन गेले. गाळणीसाहेब कंपनीतल्या दोन तरुण मुलींसमोर बसून मुलाखतीत माणूस कसा ओळखावा हे समजावून सांगत होता. बहिणीला बघून त्याने चमचा हलवला. "अरे वा! झाली का? कशी काय गेली?"

"दादा, जागा आहे का?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं. "अगं, प्रक्रिया चालू आहे."

"आहे की नाही?"

"असं आहे-नाहीमध्ये नसतं गं ते. तुला आतलं कळत नाही."

"अडीच महिने मी रोज चार तास अभ्यास करतेय. तू तीनदा घरी आलास. माझी वही चाळलीस. छान चाललंय म्हणालास."

"मग छानच चाललं होतं की!" त्याने त्या मुलींकडे बघून हसून घेतलं. "वाया गेलं का काही? उलट सराव झाला तुझा. याच्यासाठी बाहेर लोक क्लास लावतात."

त्या दोघींनी माना खाली घातल्या. मी इतकी वर्षं त्या माणसाला हसत आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची शिसारी आली. खरं सांगायचं तर त्याला लाजही वाटत नव्हती. आपण काही केलंय असंच त्याला वाटत नव्हतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांकडे यायचास तेव्हा तू घड्याळ बघून उठायचास. मला वाटायचं, तुला खरंच काम असतं."

गळ्यातलं पाहुण्यांचं कार्ड काढून तिने माझ्या हातात दिलं आणि ती गेली.

तो घास चावत राहिला. मग रुमालाने तोंड पुसून मला म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही बरोबर केलं नाहीत. गोपनीय होतं ते." आणि ताट संपवलं. अडीचला त्याची मुलाखत होती. तो वेळेवर गेला.

त्यानेच माझी तक्रार केली. एचआरच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई स्वभावाने गोड. म्हणाल्या, "'जागा नाही' असं आपण म्हणत नाही हो. 'जागा टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत' असं म्हणतो. लेखी खुलासा द्या, प्रकरण मिटवून टाकू." मी खुलासा दिला. एका ओळीचा. जागा नाही हे खरं आहे. खाली सही केली, आणि दहा दिवसांनी राजीनामाही दिला. याला शौर्य म्हणू नये. सव्वा वर्षानंतर दिलेला राजीनामा होता तो.

त्या दहा दिवसांत मी मोजणीची चूक दुरुस्त केली आणि त्या गोदामाला पत्र पाठवलं, की दोष आमचा होता, माणसांचा नव्हता. दुरुस्तीच्या नोंदीत 'चूक कुणी शोधली' असा एक रकाना असतो. मी तिचं नाव लिहिलं. यंत्राने ते घेतलं नाही, कर्मचारी क्रमांक मागितला. मी रकाना रिकामा सोडला. महिनाअखेरच्या सभेत विभागप्रमुखांनी जाहीर केलं, की आमच्या काटेकोर मुलाखत पद्धतीमुळे एक जुना दोष उघडकीला आला, आणि त्याबद्दल गाळणीसाहेबासाठी टाळ्या वाजवायला सांगितलं. लोकांनी वाजवल्या. तो उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि वाकला. तो दोष आठ वर्षांपूर्वी त्यानेच घातला होता, हे त्याला त्या क्षणीही आठवलं नसणार.

तिला मुलाखतीनंतर आठवड्याने कंपनीची मेल आली होती. अनेक उत्तम उमेदवारांमधून निवड करणं आम्हाला अवघड गेलं, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिने ती मला पाठवली. वर फक्त लिहिलं होतं, 'निवडलं कुणाला?' तिथून आमची ओळख वाढली आणि अहोजाहो संपलं.

तो विकत घेण्याचा व्यवहार पुढे फिसकटला. त्या मोठ्या कंपनीची माणसं तपासायला आली, त्यांनी मुलाखतींची यादी मागितली. बाराशे मुलाखती. मग त्यांनी रुजू झालेल्यांची यादी मागितली. ते लोक काही दुधखुळे नव्हते. विभागप्रमुख दुसऱ्या कंपनीत आणखी मोठ्या पदावर गेले. गाळणीसाहेब आहे तिथेच आहे. त्याचं काही वाईट झालं असेल या आशेने कुणी वाचत असेल, तर तसं काही झालेलं नाही. परवा तो मला दुकानात भेटला, आपणहून बोलला, नवी निळी फाइल केल्याचंही सांगितलं.

बहिणीला काम मिळालं. रुग्णालयात कुठल्या खाटा रिकाम्या आहेत हे दाखवणारं सॉफ्टवेअर बनवणारी एक बारा माणसांची कंपनी आहे. तिथे कोडी नव्हती. त्यांनी तिला दिवसभर सोबत बसवून घेतलं, खरं काम दिलं, आणि संध्याकाळी विचारलं, कधीपासून येशील. मधल्या चार वर्षांचं विचारल्यावर तिने सांगितलं, की एका खाटेशी होते. दादाचा रविवारी फोन येतो. ती उचलते. तब्येतीचं बोलते आणि ठेवते.

मीही दुसरीकडे लागले. पण ते सव्वा वर्ष अंगाला चिकटून राहिलं होतं. मी ज्यांना नापास केलं, त्यांच्यापैकी मला आठवत होते अशा एकवीस जणांना पत्रं लिहिली. जागा नव्हती, तुमच्यात काही कमी नव्हतं, मी तेव्हा गप्प बसले, माफ करा, असं. अठरा जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने शिव्या दिल्या, आणि एकीने नुसतं 'बरं' लिहिलं. स्वच्छतागृहात शर्ट बदलणाऱ्याचं उत्तर सगळ्यात सभ्य होतं. त्याने लिहिलं होतं, पत्राबद्दल आभार, पण तुमची कंपनी नेमकी कुठली ते लक्षात येत नाही. त्या महिन्यात मी अकरा ठिकाणी गेलो होतो.